९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे : मिरचीला उत्तम, वांग्याला अपुरा

हस्ताचा पाऊस आमच्या वाडीत आडवा झोडपतो. आम्ही गुहागर तालुक्यातले. भात कापलं की त्याच जमिनीत मिरची-वांगी लावायची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला रोपं हाताशी हवीत. दरवर्षी अंगणात वाफा करून वर झाप घालायचो, तरी दोन सरींत निम्मं बी वाहून जायचं. म्हणून यंदा घटस्थापनेला बी पडवीतच टाकलं. त्यासाठी ९८ कप्प्यांचे चार प्रो-ट्रे, म्हणजे एका कप्प्यात एक रोप वाढवायचे प्लॅस्टिकचे ट्रे, आणि कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, ५ किलोची वीट विकत आणली.

आधी कोकोपीटचं सांगते, कारण फसले तिथेच. दुकानदार म्हणाला, "भिजवा आणि थेट भरा." पहिले दोन ट्रे तसेच भरले. बी उगवलं, पण पानांच्या कडा करपायला लागल्या. नारळाच्या सोडणात क्षार असतात, ते धुऊन काढावे लागतात. उरलेलं कोकोपीट गोणपाटात बांधून तीन पाण्यांनी धुतलं आणि त्यात तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळलं, कारण नुसत्या कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळजवळ काहीच नसतं. ते भरलेल्या बाकीच्या दोन ट्रेमधली रोपं शेवटपर्यंत हिरवीगार राहिली.

पडवीत उजेड एकाच बाजूने येतो, रोपं तिकडे माना वळवतात. रोज सकाळी ट्रे फिरवून ठेवायचे. संध्याकाळी पाणी घातलं तेव्हा काही रोपं बुंध्याशी कुजून आडवी झाली. मग फक्त सकाळीच, बारीक झारीने.

पण ट्रेची खरी किंमत कळली ती लावणीला. कप्पा खालून दाबला की मुळांचा गोळा कोकोपीटसकट अख्खा बाहेर येतो. वाफ्यातून उपटलेली मिरची तीन दिवस माना टाकून असायची. ही दुसऱ्या दिवशी ताठ! अर्थात त्याआधी आठवडाभर रोपं अंगणात काढत होते, पहिल्या दिवशी सकाळचं दोन तासच ऊन, मग वाढवत.

वांग्याची मात्र गोष्ट वेगळी. परतीचा पाऊस रेंगाळला, जमिनीत वाफसा येईना, म्हणजे ती लावणीजोगी सुकेना, लावणी दहा दिवस लांबली. मिरचीने तेवढं सोसलं. वांग्याच्या मुळांनी मात्र त्या एवढ्याशा कप्प्यात वेटोळी घातली, खालची पानं पिवळी पडली. वांग्याला ५० कप्प्यांचाच ट्रे घ्या, कप्पा मोठा असतो.

प्लॅस्टिक पातळ आहे. ओला ट्रे एका हाताने उचलला आणि कोपरा तडकला. आता खाली फळी घालूनच उचलते. घेताना कोपरा वाकवून बघा. जाड ट्रेला चार पैसे जास्त पडले तरी तोच घ्या. माझे तीन ट्रे धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवलेत, पुढच्या मिरचीसाठी.