लाकडातली ओल मोजणारा मीटर, नऊ महिने वापरून : आमच्या शिंपल्यांच्या खिडक्या

गोव्यात फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं घर चिऱ्याचं, मधे राजांगण, आणि पुढच्या अंगाला अकरा खिडक्या, सगळ्या शिंपल्यांच्या, म्हणजे लाकडी चौकटीत काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या. गेल्या एप्रिलमध्ये त्या दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा दोन मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. दोघांनीही अंगणातूनच बघून निकाल दिला : कुजल्यात, काढा, ॲल्युमिनियमच्या लावा. आईचा चेहरा उतरला. मला ते पटलं नाही, कारण एकाही खिडकीला कोणी हात लावला नव्हता. म्हणून साधारण अठराशे रुपयांचा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर मागवला. आता जानेवारी संपत आलाय, एक पूर्ण पावसाळा त्याच्यासोबत काढलाय, तेव्हा सविस्तर लिहितो.

हा मीटर पाणी मोजत नाही, हे आधी समजून घ्या. सुया लाकडात रुतवल्या की दोन सुयांच्या मधल्या लाकडातून विजेचा बारीकसा प्रवाह जातो. लाकूड जितकं ओलं तितका प्रवाहाला अडथळा कमी, आणि त्यावरून यंत्र टक्का दाखवतं. साहजिकच लाकडाची जात, ऊन, लाकडात मुरलेले क्षार, सगळ्यानं आकडा हलतो. आमच्या नऊ चौकटी सागाच्या, दोन फणसाच्या. लाकडाच्या जातीनुसार आकडा सुधारायचा जो कागद मीटरसोबत येतो, त्यावर साग होता, फणस नव्हता.

मेमध्ये, रणरणत्या उन्हाळ्यात, सात नंबरच्या खिडकीनं 31 दाखवलं. मी हादरलो. टोचणी (दाभणासारखं टोकदार हत्यार) लावली तर लाकूड टणक, कोरडं. आईला विचारल्यावर उलगडा झाला : पूर्वी वाळवी लागली तेव्हा त्या चौकटीला औषध पाजलं होतं. औषधातले क्षार आकडा चढवतात. मीटरवर एकट्यावर विसंबलो असतो तर चांगली सागवानी चौकट चुलीत गेली असती.

त्यानंतर एक गोष्ट केली, आणि या सगळ्या अनुभवातली सर्वांत कामाची गोष्ट मला तीच वाटते. घराच्या आतल्या, पाऊस कधीच न लागणाऱ्या देवघराच्या दाराची चौकट सागाचीच आहे. दर रविवारी सकाळी, उन्हं यायच्या आत, आधी तिचा आकडा वहीत टिपायचा, मग प्रत्येक खिडकीचा : खालची पट्टी, दोन्ही खालचे कोपरे, वरचा एक कोपरा. देवघराची चौकट मेमध्ये 13 होती, जुलैत 18, डिसेंबरात 12. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा जुलैत सुदृढ लाकूडही हवेतली ओल पिऊन अठरापर्यंत जाणारच. वीसच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, हे खरं; पण पावसाळ्यात एकदाच मोजून कोणी 'वीस आलं, कुजलं' म्हणत असेल तर ऐकू नका. देवघरापेक्षा किती जास्त, आणि पाऊस गेल्यावर उतरतं का, एवढंच बघायचं. फणसाच्या चौकटींना हा हिशेब तंतोतंत लागू नाही. त्यांची तुलना मी त्यांच्याच मेच्या आकड्यांशी केली.

अकरांपैकी आठ खिडक्या ऑक्टोबर सरेपर्यंत देवघराच्या बरोबरीला आल्या. सात नंबर आकड्यानं चढीच राहिली, पण टोचणीला पक्की. चार आणि नऊ नंबरच्या खालच्या पट्ट्या मात्र डिसेंबरातही 26 वर अडून होत्या.

टोचणीबद्दल लिहायलाच हवं, कारण तिच्याशिवाय मीटर आंधळा आहे. टोक तिरकं घालून लाकडाची चोय, म्हणजे बारीक ढलपी, उचकटायची. सुदृढ लाकडाची चोय लांब निघते, तंतू ओढत येतात. चार नंबरच्या डाव्या कोपऱ्यात टोक आत गेलं ते भिजलेल्या बिस्किटात जावं तसं, आणि चोय ओढली तर कट्‌कन जागीच मोडली, आत तपकिरी चौकोनी भेगा. पण दोन बोटं वर सरकलो की पुन्हा तीच लांब चोय. म्हणजे कुज वीतभर पट्टीत आणि कुसवाच्या (सांध्यात घुसणाऱ्या जिभेच्या) टोकाला, बाकी चौकट शाबूत. कारणही सापडलं : खिडकीखाली चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर कोणीतरी सिमेंट फासलं होतं, चिऱ्यातली ओल बाहेर पडेना, ती लाकडात चढत होती.

शिंपल्यांना मीटर चालत नाही, तिथे डोळे आणि नखच. खिडकी उजेडासमोर धरायची. चांगला शिंपला दुधासारखा उजेड एकसारखा पाझरवतो. खराब झालेल्याच्या कडेला अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात आणि उजेड तुटक येतो. नखानं टिचकी मारली की भरीव शिंपला नीट वाजतो, सुटलेला फडफडतो. सगळे मोजले : चारशे बारांपैकी एकतीस बाद. हे आधी कळणं फार गरजेचं होतं. हा शिंपला, प्लॅकुना प्लॅसेंटा, झुआरी नदीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत अजून मिळतो, पण तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. खाडीतून काढून आणायची सोय नाही. पाडलेल्या घरांतल्या जुन्या झडपांतूनच मिळवावे लागतात. आणि कोणीही ते लिंबानं, व्हिनेगरनं किंवा फरशीच्या ॲसिडनं पुसू नका. शिंपला चुनखडीचाच, ॲसिडनं विरघळतो. ओल्या मऊ फडक्यानं पुसणं पुरे.

जुना रंगही कोरडा खरवडू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा 2017 च्या शेवटी लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, लहान मुलांना लांब ठेवा.

यंत्राच्या तक्रारी : जुन्या सागात सुया सहज रुतत नाहीत, दोन जोड्या वाकल्या. सोबत एकच जादा जोडी होती, आणखी मागितल्या तर विक्रेत्यानं दोन महिने झुलवलं. सुया जेमतेम सात-आठ मिलिमीटर जातात, त्यामुळे जाड चौकटीच्या पोटात काय आहे ते कळत नाही. तिशीपलीकडचे आकडे धरूच नयेत. बॅटरी मात्र अजून पहिलीच आहे. पाचपैकी चार तारे, तेही टोचणी आणि वही सोबत असेल तरच.

तिसऱ्या मेस्तानं वही पाहिली, स्वतः टोचणी फिरवली आणि दोन पट्ट्या व तीन कोपरे बदलायचा अंदाज दिला. दोन्ही खिडक्यांखालचं सिमेंट डिसेंबरच्या शेवटी फोडून पुन्हा चुना केला. चार नंबर काल सकाळी 19 वर होती, देवघर 12. पंधराच्या खाली उतरेपर्यंत तिथे ना जोड बसवणार, ना रंगाचा ब्रश लावणार.