ग्रंथालयाच्या वेब एपीआयसाठी क्युकंबर: इंदूरहून एक अभिप्राय

इंदूरमध्ये राजवाड्याच्या परिसरातील एका मराठी ग्रंथालयासाठी पुस्तकांची देवघेव, मुदतवाढ आणि आरक्षण सांभाळणारा छोटा वेब एपीआय (इतर प्रोग्राम ज्याला इंटरनेटवरून विनंत्या पाठवतात असा प्रोग्राम) तयार करताना चाचण्यांसाठी मी क्युकंबरची जावास्क्रिप्ट आवृत्ती वापरली. आस्लाक हेलेसॉय यांनी २००८ मध्ये रूबी भाषेत सुरू केलेले हे साधन मुक्तस्रोत व विनामूल्य आहे. प्रणालीने कसे वागावे हे आधी साध्या वाक्यांत लिहायचे आणि मग प्रत्येक वाक्याला कोड जोडायचा, अशी त्याची रीत आहे. ती वाक्ये प्रोग्रामरखेरीज आणखी कोणी वाचणार असेल, तरच हा खटाटोप करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे ती ग्रंथपाल बाईंनी वाचली. क्युकंबरला मराठी समजते. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेची खूण केली, की ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’ या शब्दांनी वाक्ये सुरू करता येतात. ‘जर त्याच पुस्तकासाठी दुसऱ्या सभासदाने नाव नोंदवले आहे, जेव्हा पहिला सभासद मुदतवाढ मागतो, मग मुदतवाढ नाकारली जाते’, हा प्रसंग त्यांना कागदावर छापून दिला, तेव्हा तो वाचून त्यांनी लगेच विचारले, “आणि मुदत रविवारी संपली तर? त्या दिवशी आपण बंद असतो. रविवारचा दंड लावायचा नाही हं.” हा नियम आमच्या कोणत्याही टिपणात नव्हता; तो त्यांच्या रोजच्या कामात होता आणि वाक्य समोर आल्यामुळेच बाहेर आला. यासाठी मी या साधनाला मनापासून पूर्ण गुण देतो.

मात्र वाक्यांत ‘पोस्ट विनंती पाठवली’ किंवा ‘४०९ उत्तर आले’ असे लिहू नये. एपीआय मुदतवाढ नाकारताना ४०९ हा (विनंती सद्यस्थितीशी जुळत नाही, असे सांगणारा) संकेतांक परत करतो, हे तपासणे आवश्यकच आहे, पण त्याची जागा वाक्यामागच्या कोडमध्ये आहे.

मांडणी सोपी आहे. जावास्क्रिप्टची साधने बसवणाऱ्या एनपीएमच्या एका आज्ञेने क्युकंबर बसते, आणि एखाद्या वाक्यामागे कोड नसेल तर त्याचा कच्चा सांगाडा ते स्वतःच छापून दाखवते. एपीआयला विनंत्या पाठवण्यासाठी सुपरटेस्ट ही लायब्ररी जोडली, त्यामुळे सर्व्हर वेगळा चालू ठेवावा लागला नाही. प्रत्येक प्रसंगाला नवी, कोरी ‘वर्ल्ड’ वस्तू, म्हणजे त्या प्रसंगापुरती माहिती ठेवण्याची जागा, मिळते. डेटाबेस मात्र आपोआप कोरा होत नाही, म्हणून प्रसंगाआधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे हुकमध्ये, तो रिकामा करावा, नाहीतर एका प्रसंगातले आरक्षण दुसऱ्यात शिरते. याच कोडमध्ये बाणाची फंक्शने (‘=>’ चिन्हाने लिहिलेली) वापरल्यास जावास्क्रिप्टच्या ‘धिस’ या शब्दातून वर्ल्ड मिळत नाही, हेही नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन अडचणी हमखास येतात. पहिली आकड्यांची: पूर्णांकासाठीचा ‘इंट’ हा तयार प्रकार फक्त इंग्रजी अंक ओळखतो, त्यामुळे ‘७ दिवस’ असे देवनागरीत लिहिल्यास वाक्य जुळतच नाही. यावर स्वतःचा पॅरामीटर प्रकार, म्हणजे वाक्यातील बदलती किंमत ओळखण्याचा नियम, लिहून तोडगा निघतो, आणि बाईंना देवनागरी अंकच हवे असल्याने मी तो लिहिला. दुसरी विभक्ती-वचनांची: ‘पुस्तक’ आणि ‘पुस्तके’ ही दोन रूपे तिरक्या रेघेने एकाच वाक्यात बसवता येतात, परंतु ‘सभासदाने’, ‘सभासदाला’, ‘सभासदाकडे’ अशी रूपे वाढत गेली की वाक्यांमागचा कोडही फुगतो. म्हणून सुरुवातीलाच ठरावीक वाक्यरचना निवडून तिलाच धरून राहावे.

लॉगिनचे टोकन (ओळख पटवणारा संकेत), चुकीचा जेसन (माहिती पाठवण्याचे स्वरूप), उत्तरांची पानांत विभागणी अशा बाबी मी क्युकंबरमध्ये आणल्या नाहीत. त्यांत ग्रंथपाल बाईंना सांगण्यासारखे काही नसते, आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आवृत्ती २० पासून स्थिर झालेला अंगभूत चाचणी-चालक ते काम कमी कोडमध्ये करतो.