पावतीवर 'देणगी' लिहिलं होतं

माझ्या मुलाला अपस्मार आहे, झोपेतच फिट येते. वय सतरा. पहाटे चारच्या सुमारास खाट कडकडते; मी दिवा लावेपर्यंत हातपाय ताठ, उशी लाळेने ओली. गोळ्या चालू होत्या, तरी महिन्याला एखादी फिट यायचीच.

कुडाळला एका हॉलात आरोग्य शिबिर लागलं. चुलत दिरांनी आग्रहाने नेलं. तिथला आहारतज्ज्ञ म्हणाला, "वहिनी, जागरण बंद करा, वेळेवर झोपवा." हे खरंच होतं. गणपतीत रात्रभर भजनाला बसला की त्याला हमखास फिट यायची, आमचे डॉक्टरही तेच सांगायचे. म्हणून पुढचंही पटलं. भात-पेज बंद, नव्वद दिवस करड्या पावडरीच्या पुड्या आणि "गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो, त्या आजपासून बंद." १८,५०० रुपये, रोख.

तीन आठवडे एकही फिट नाही. मीच शेजारच्या दोघींना त्याचा नंबर दिला, त्याची लाज अजून वाटते.

हातात दिलेल्या पुड्या संपल्या. "बाकीच्या कुरिअरने पाठवतो," म्हणाला. चौथ्या रात्री फिट आली ती थांबेचना. कोणी हातात चावी दिली, कोणी दातांत चमचा घालायला धावलं. खरं तर तोंडात काहीही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. आम्ही ओरोसला पोचेपर्यंत अर्धा तास गेला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळ्या कधीपासून बंद?" अचानक सोडल्या की अशी न थांबणारी फिट येऊ शकते, म्हणाले. आणि अशा बिननावाच्या पुड्यांत कधी कधी फेनोबार्बिटोन, म्हणजे फिटचंच जुनं औषध, मिसळलेलं सापडतं. आमच्या पुडीत काय होतं कोण जाणे. तपासायला चिमूटभरही उरली नव्हती.

भात कमी, तूप-तेल जास्त असा कीटो आहार फिटसाठी खरोखरच आहे, १९२१ पासून. पण तो मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ग्रॅममध्ये मोजून. गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीतच.

अपस्मार बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. पोलिसांनी पावती मागितली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आरोग्य शिबिर देणगी'. त्याचा फोन बंद.

गेल्या आठवड्यात एसटी स्टँडवर त्याच शिबिराच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला दिसला. नंबर तेवढा नवा.