ज्वालामुखीच्या ढगाचं किट: टाकी झकास, मिठाची पुडी तोकडी

सोडा-व्हिनेगरचा लाल फेस काढणारे डोंगर सांगलीत कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात मिळतात. प्रयोगसाहित्याच्या दुकानातलं हे 1,450 रुपयांचं किट त्यातलं नव्हे. 60 सेंटिमीटर लांब, 15 रुंद, 30 उंच ॲक्रिलिकची टाकी, तळाला तोटी, 200 मिलिलिटरची बाटली आणि सलाईनसारखी नळी. उद्रेकाचा ढग वर जाऊन आडवा कसा पसरतो आणि राख त्यात काय उलथापालथ करते, ते डोळ्यांसमोर दिसतं.

आधी 12 सेंटिमीटर गोडं पाणी भरा. मग नळी तळाशी टेकवून तेवढंच मिठाचं पाणी सावकाश खाली सोडा. घाई केलीत की थर मिसळले. बाटलीत पाणी, 3 ग्रॅम मीठ, रंग आणि किटमधली 2 ग्रॅम पांढरी पूड, म्हणजे इथली राख. बाटली टांगून सतत हलवत राहा, नाहीतर पूड तिच्याच बुडाशी बसते.

गोची मिठात आहे. खालच्या थरात 10.8 लिटर पाणी बसतं. लिटरला 40 ग्रॅमने सुमारे 430 ग्रॅम मीठ लागतं. पुडीत 250 ग्रॅमच. तेवढ्यात भागवलं तर बाटलीतलं मिश्रण खालच्या थराइतकंच जड होतं आणि तोटीपाशीच लोळतं. पुस्तिका म्हणते, तोटी तुंबली असेल. तोटीचा काही दोष नसतो! खडेमीठ आणा, विरघळवून गाळून घ्या.

मीठ पुरेसं असलं की स्तंभ थरांच्या सीमेपर्यंत चढतो, जरा वर उसळतो, परत बसतो आणि छत्रीसारखा पसरतो. मिनिटाभरात छत्रीखाली वडाच्या पारंब्यांसारख्या पांढऱ्या जटा लोंबतात: छत्रीच्या बुडाशी साचलेली पूड तिथलं पाणी जड करते आणि सगळा पुंजका एकदम खाली येतो, सुट्या कणापेक्षा कितीतरी वेगाने. आइसलँडच्या 2010 च्या उद्रेकात राखेच्या ढगाखाली अशाच जटा दिसल्या होत्या. पूड 8 ग्रॅम केली तर स्तंभच कोसळतो आणि तळावरून धावतो. खऱ्या ज्वालामुखीत राखेचा जीवघेणा लोट असाच उतरतो.

पूड बदलून पाहाच. रांगोळी अर्ध्या मिनिटात तळाशी जाते, रंग एकटाच पुढे सरकतो. आइसलँडच्याच ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीच्या 2011 च्या उद्रेकात गंधकाचा वायू आणि राख अशाच वेगळ्या वाटांनी गेल्या. गणपतीची शाडू वस्त्रगाळ करून घातली तरी मिठाच्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतात आणि ती लवकर बसते; ओलाव्याने राखेचे कण चिकटतात तेव्हाही परिणाम तोच, कारण मात्र वेगळं.

पुस्तिकेतली दुसरी चूक मोठी आहे: ढग फक्त वाऱ्याच्या दिशेने पसरतो म्हणे. फिलिपीन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीची 15 जून 1991 ची छत्री स्वतःच्या रेट्याने वाऱ्याच्या विरुद्धही पसरली होती. वारा सूत्रं हाती घेतो तो नंतर. इथिओपियाच्या हायली गुब्बीची राख नोव्हेंबर 2025 मध्ये त्यानेच उत्तर भारतावर आणली.

प्रयोग झाला की तोटी लगेच धुवा. पूड आणि मीठ वाळून बसलं तर ती खरंच तुंबते.