आप्पांची विणलेली तसबीर: साखर पेठेतील एका हातमागाचा अनुभव

माझे वडील, ज्यांना घरात आणि कारखान्यात सगळेच आप्पा म्हणत, गेल्या वर्षीच्या श्रावणात वारले. त्यांचा बरा म्हणावा असा एकच फोटो आमच्याकडे आहे, आणि तोही माझ्या मुलीच्या बारशात काढलेल्या फोटोतून कापून घेतलेला. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तो मोठा करावा असे ठरले, तेव्हा कॅनव्हासवर छापून देणारी दोन दुकाने सोलापुरात नवी पेठेत पाहिली. काम स्वच्छ होते, पैसेही कमी होते. परंतु ज्या माणसाने सारा जन्म मागावर काढला, त्याचा चेहरा शाईने छापलेल्या कापडावर लावणे मला पटेना. म्हणून साखर पेठेतील एका विणकराकडून हातमागावर वॉल हँगिंग विणून घेतले. असे काम करून घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कापड पाहण्याची माझी रीत आप्पांचीच आहे, हे आधी सांगितलेले बरे. त्यांचे आजोबा 1877 साली सुरू झालेल्या ‘जुनी मिल’ नावाच्या कापड गिरणीत होते. आप्पा स्वतः दुसऱ्या एका गिरणीत लागले आणि ती बंद पडल्यावर शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारा मुकादम, म्हणून राहिले. कोणाच्याही घरी गेले की पलंगावर बसण्यापूर्वी ते चादरीचा कोपरा उलटून पाहत. सोलापुरी जेकार्ड चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते. त्यामुळे विणणाऱ्याने कुठे हात मारला आहे ते मागच्या बाजूला लगेच कळते, असे त्यांचे म्हणणे असे. आईला या सवयीचा फार संकोच वाटे. नातीला मात्र त्यांनी सातव्या वर्षीच धागे मोजायचे भिंग हातात देऊन ताणा (उभे धागे) कोणता आणि बाणा (आडवे धागे) कोणता हे शिकवले होते, आणि रजईपासून शाळेच्या गणवेशापर्यंत घरातील एकही कापड त्या दोघांच्या तपासणीतून सुटले नाही.

विणकराच्या जागेला पाटी नाही. एका बोळात पत्र्याच्या शेडखाली दोन माग आहेत. एकावर ते स्वतः बसतात, दुसऱ्यावर त्यांचे मेहुणे. घरची भाषा तेलुगू, आमच्याशी बोलणे सोलापुरी मराठीत. त्यांनी फोटो हातात घेतला आणि सर्वांत आधी चष्म्याकडे बोट दाखवले. “मालक, उभं विणलं तर ह्या दांड्याला अन् नाकाला पायऱ्या पडतील बघा. मी आडवं धरून विणतो.” हे कळण्यासाठी थोडे विणकाम समजावे लागते. अशा कामात मोठ्या कागदावर चित्र काढून ते ताण्याखाली धरतात आणि एकेका रंगाचा धागा हाताने, तेवढ्याच जागेपुरता, मागेपुढे फिरवतात. आडवी रेघ सरळ येते, पण दोन रंग जिथे उभ्या रेषेत भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवले नाहीत तर कापडात फट राहते. चेहऱ्यात उभ्या रेषाच अधिक असल्याने चित्र आडवे करून विणायचे. त्या एका वाक्यावर मी काम त्यांना देऊन टाकले.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. आकार दोन फूट बाय अडीच फूट आहे. टोपी, सदऱ्याची कॉलर आणि कपाळावरच्या आठ्या उत्तम उतरल्या आहेत; आठ्या तर फोटोपेक्षा विणकामात जास्त खऱ्या वाटतात. चष्म्याची कड जवळून थोडी दातेरी दिसते, पण सहा-सात फुटांवरून ती नजरेत येत नाही. डोळे मात्र मनासारखे नाहीत. आप्पांची उजवी पापणी किंचित खाली असे, आणि ती फोटोत स्पष्ट असूनही विणताना दोन्ही डोळे सारखे झाले आहेत, त्यामुळे चेहऱ्यावर एक गंभीरपणा आला आहे जो त्यांच्यात नव्हता. अंगाचा रंग हा सुताच्या उपलब्ध छटांवर अवलंबून असतो. आमच्याकडे चार तपकिरी छटांत काम भागवले आहे, आणि गालाजवळ दोन छटांमधला फरक जरा अधिक पडला आहे. फोटो देताना अशा खुणा तोंडी सांगून भागत नाही. कागदावर चित्र काढून झाले की ते पाहायला स्वतः जावे. मी गेलो नाही, ही चूक माझी.

किंमत अकरा हजार रुपये, निम्मे पैसे आधी. महिन्याभराच्या हातकामाला ही रक्कम जास्त नाही.

खरी तक्रार वेळेची आहे. काम नारळी पौर्णिमेपूर्वी मिळेल असे ठरले होते, कारण आप्पांची तिथी वद्य पंचमीची. पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पूर्व भागातील विणकरांच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असते आणि त्या आठवड्यात माग चालत नाहीत. हे मला ठाऊक असायला हवे होते आणि त्यांनीही आधी सांगायला हवे होते. तसबीर तिथीनंतर सहा दिवसांनी आली. वर्षश्राद्धाला जुन्याच फोटोला हार घातला. ज्यांना ठरावीक तारीख गाठायची आहे त्यांनी तीन महिने हातात ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. मागच्या बाजूला धाग्यांची टोके लोंबतात म्हणून ते सगळीकडून अस्तर शिवून देतात. दिसायला नीटनेटके, पण उलटून पाहता येत नाही असे कापड आप्पांच्या नावाने भिंतीवर लावायचे मला जमेना. तसे सांगितल्यावर विणकर हसले आणि डाव्या हाताचा खालचा कोपरा उसवून तिथे दोन टिचबटणे लावून दिली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तसबीर लावली त्या संध्याकाळी मुलगी स्टुलावर चढली, टिचबटणे काढली आणि भिंग लावून बराच वेळ आत पाहत राहिली. इंचाला दहा ताणे आहेत, असे तिने सांगितले. मग सदऱ्याच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, “बाबा, इथे एक फट राहिलीय. आजोबांनी हे पास केलं नसतं.” फट खरोखरच आहे, अर्ध्या इंचाची. विणकर ती फुकट सांधून देतो म्हणाले आहेत. मी अजून तसबीर नेलेली नाही.