ॲन्सिबल: खिशाला परवडलं, पण आल्मालिनक्स ८ वाल्यांनी आधी हे वाचा

ॲन्सिबल म्हणजे एका लॅपटॉपवरून अनेक सर्व्हर सांभाळायचं साधन; त्याला कामांची यादी (प्लेबुक) आणि सर्व्हरांची यादी (इन्व्हेंटरी) द्यायची. त्याहून खोलात शिरत नाही. लॅपटॉपवर ॲन्सिबल अपडेट केलं आणि आल्मालिनक्स ८ या लिनक्स सिस्टिमवरच्या झाडून सगळ्या सर्व्हरनी लाल अक्षरात एकच पालुपद लावलं: ‘फ्यूचर फीचर ॲनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड’. सर्व्हर ठणठणीत, साइट्स चालू, प्लेबुकात काडीचाही बदल नाही. संताप अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मुळात ॲन्सिबल निवडलं ते पैशांपायी. त्याच कामाचं दुसरं साधन, पपेट, बघितलं होतं. त्याचा सर्व्हर जावावर चालतो, डिफॉल्टलाच २ जीबी मेमरी (हीप) धरतो, वर प्रत्येक मशीनवर त्याचा एजंट प्रोग्रॅम. माझे निम्मे व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) १ जीबी मेमरीचे. सर्व्हर सांभाळायला आणखी एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा, हे काही पटेना. ॲन्सिबलला समोरच्या मशीनवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा मिळाली की झालं.

आणि झालंही. एका होस्टिंगवाल्याकडे डिस्क गेली, त्यांचा सपोर्ट ‘तपासतोय’ म्हणत बसला. मी दुसरीकडे नवा व्हीपीएस घेतला, प्लेबुक सोडलं, बॅकअप ओतला. क्लायंटला पत्ताही लागला नाही. त्या दिवशी वार्षिक भाड्याइतके पैसे वाचल्यासारखं वाटलं.

प्लेबुक ज्या फॉरमॅटमध्ये लिहितात त्या यॅमलवर मी सुरुवातीला फार चिडायचो. आधीच्या ॲडमिनच्या प्लेबुकात फाइलचा मोड (कोणाला वाचता-लिहिता येईल ते) नुसताच ६४४ लिहिलेला होता. पुढचं शून्य नाही, अवतरणं नाहीत. ॲन्सिबलने तो दशमान आकडा धरला. मोड वाचतात अष्टमानात, तिथे तो होतो १२०४, म्हणजे मालकाला फक्त लिहायची परवानगी! ॲपला स्वतःचीच कॉन्फिग वाचता येईना. आता मोड दिसला की अवतरणं आपोआप टाकली जातात, त्यामुळे ती तक्रार मागे. संथपणाचीही मागे, पाइपलायनिंग (दर कामामागच्या एसएसएचच्या फेऱ्या कमी करणारी सेटिंग) चालू केल्यावर बराच फरक पडला.

पण पायथनचं दुखणं मागे घेणार नाही. ॲन्सिबलच्या मूळ भागाच्या, म्हणजे कोअरच्या, २.१७ आवृत्तीपासून समोरच्या सर्व्हरवर किमान पायथन ३.७ लागतं, नाहीतर वरची लाल ओळ येते. आल्मा ८ चं मूळ पायथन ३.६. ही सिस्टिम काही भंगारात निघालेली नाही, २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार आहेत. ‘३.११ टाका की’ असा सल्ला हमखास मिळतो. टाकलं. कॉपी, टेम्प्लेट, सर्व्हिस, सगळं सुरळीत. पॅकेजेस बसवणाऱ्या डीएनएफचं मॉड्यूल मात्र अडून बसलं, कारण डीएनएफची पायथन लायब्ररी तिथे ३.६ साठीच येते. म्हणजे पॅकेजेस टाकायची, तेवढंच जमत नाही! शेल मॉड्यूलमधून डीएनएफ चालवता येतं, पण मग दर वेळी ‘चेंज्ड’ची (बदल झाल्याची) पिवळी ओळ, आणि खरोखर काय बदललं ते आपसूक कळत नाही. तसंच करायचं तर जुनी बॅश स्क्रिप्ट काय वाईट होती?

सध्याचा तोडगा: जुन्या सर्व्हरांसाठी लॅपटॉपवरच वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हमध्ये (पायथनच्या स्वतंत्र कप्प्यात) कोअर २.१६ बसवलंय. चालतं निमूट. पण त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या २०२५ मध्येच थांबल्या, तेव्हा हे काही कायमचं नाही.

सर्व्हर बदलायचेच असतील तर आल्मा ९ वर थांबू नका. त्याचं पायथन ३.९, आणि कोअर २.२० ची खालची मर्यादाही ३.९च. ती मर्यादा वर सरकली की पुन्हा हीच रड. थेट १० घ्या, त्यात ३.१२ आहे. मी तेच कोटेशन पाठवलंय. क्लायंट म्हणतो, ‘साइट तर चालू आहे, मग खर्च कशाचा?’