दोन तबकड्या आणि आठ मिनिटांचे एक गाणे: लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमची डिलक्स आवृत्ती

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम पहिल्यांदा नोव्हेंबर १९७१ मध्ये आला. त्याची डिलक्स आवृत्ती ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली. तिच्यातील पहिल्या तबकडीवर बँडचा गिटारवादक जिमी पेज याच्या देखरेखीखाली रिमास्टर केलेली, म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्याने सुधारून घेतलेली, मूळ आठ गाणी आहेत, तर दुसरीवर त्याच आठ गाण्यांची त्या वेळी बाजूला ठेवलेली रूपे आहेत. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले ढोल ऐकण्यासाठी हा संच घेणारेही असतील, पण बहुतेकांचा हात प्रथम ‘स्टेअरवे टू हेवन’कडेच जाईल, आणि हे परीक्षणही मुख्यतः त्याच गाण्याविषयी आहे.

हे गाणे सलग एका बैठकीत जन्माला आलेले नाही. पेजने त्याचे तुकडे १९७० मध्ये जमवायला सुरुवात केली. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या पूर्वीच्या गरीबगृहाच्या इमारतीत बँड मुक्कामाला असताना गायक रॉबर्ट प्लांटने शब्दांचा मोठा भाग लिहिला, आणि पायाभूत ध्वनिमुद्रण लंडनच्या आयलंड स्टुडिओत झाले. पेज आणि बास व कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स हे दोघेही बँडपूर्वी लंडनमध्ये सेशन वादक, म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणांत पैसे घेऊन वाजवणारे वादक, होते, आणि त्या व्यवसायात गाण्याची लय मध्येच वाढू देणे हा अपराध मानला जाई. इथे मात्र लय जाणूनबुजून वाढत नेली आहे, तीही इतक्या सावकाश की ऐकणाऱ्याला बदल जाणवतो, पण तो नेमका कुठे झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही.

रिमास्टरचा खरा लाभ पहिल्या चार मिनिटांत दिसतो. अकूस्टिक गिटारवर खालच्या स्वरांची ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाते, तिच्यावर जोन्सने एकावर एक मुद्रित केलेल्या लाकडी रेकॉर्डर बासऱ्या येतात, आणि या आवृत्तीत त्या बासऱ्यांमधला श्वाससुद्धा वेगळा ऐकू येतो. जॉन बोनमसारखा दणकट ढोलवादक हाताशी असताना त्याला सव्वाचार मिनिटांहून अधिक काळ गप्प बसवणे, हा माझ्या मते या गाण्यातला सर्वांत धाडसी निर्णय आहे. शेवटाकडच्या सोलोचे, म्हणजे एकट्या गिटारच्या वादनाचे, कौतुक सगळेच करतात, पण या थांबण्याविना तो सोलो निम्मा उरला असता. बोनम येतो तेव्हाही तो गाण्यावर तुटून पडत नाही. तो फक्त त्याखाली जमीन घालतो. सहा मिनिटांच्या सुमारास सुरू होणारा सोलो पेजने गिटारवादक जेफ बेकने भेट दिलेल्या १९५९ सालच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवला. त्याने काही वेगवेगळे प्रयत्न मुद्रित करून त्यांतला एक निवडला. तो उत्स्फूर्त असूनही त्यातला एकही स्वर वाट चुकलेला वाटत नाही. त्यानंतरचा गदारोळ ओसरल्यावर शेवटची ओळ प्लांट वाद्यांविना एकटाच गातो.

दुसऱ्या तबकडीवरचे रूप म्हणजे लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओतले मिश्रण, म्हणजे वेगवेगळ्या मुद्रित आवाजांची तिथे केलेली जुळवणी. पेज आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स १९७१ च्या आरंभी टेप घेऊन तिथे गेले होते, पण लंडनला परतल्यावर ते काम ऐकून सगळ्यांची निराशा झाली आणि बहुतेक गाण्यांचे मिश्रण नव्याने करावे लागले. त्या पार्श्वभूमीवर हे रूप ऐकताना आश्चर्य वाटते, कारण ते मुळीच टाकाऊ नाही. फरक आहे तो वाद्यांच्या अंतरात आणि प्रतिध्वनीत, आणि तोही चांगल्या हेडफोनवर लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच सापडेल असा. गाणे घडतानाच्या तालमी किंवा अर्धवट प्रयत्न ऐकायला मिळतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांच्या हाती इथे काहीच लागत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

हे गाणे ब्रिटन-अमेरिकेत त्या काळी सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, म्हणून विक्रीला आलेच नाही. बँडचा व्यवस्थापक पीटर ग्रँट याने रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाला दाद दिली नाही. त्यामुळे ज्याला ते हवे होते त्याला अख्खा अल्बम घ्यावा लागला, आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. आवरणावर ना बँडचे नाव होते ना अल्बमचे, पण आतल्या पाकिटावर शब्द छापले गेले ते फक्त याच गाण्याचे. बँडला आपण काय केले आहे याची जाण होती, असे मानायला हरकत नसावी.

सुरुवातीच्या गिटारवरून २०१४ मध्येच खटलाही उभा राहिला. ती ओळ स्पिरिट या अमेरिकी बँडच्या ‘टॉरस’ या वाद्यरचनेवरून उचलल्याचा आरोप होता. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, अपिलात २०१८ मध्ये फेरसुनावणीचा आदेश निघाला, आणि २०२० मध्ये मोठ्या पीठाने ज्यूरीचा मूळ निकाल कायम केला. दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या तर साम्य कानाला लागते हे खरे, पण ते साम्य पहिल्या काही मात्रांपुरते आहे, आणि उतरत्या स्वरांची अशी चाल संगीतात त्याआधीही शेकडो वर्षे वापरात होती.

ज्यांच्याकडे हा अल्बम मुळीच नाही, त्यांनी नुसती पहिली तबकडी असलेली साधी रिमास्टर आवृत्ती घेतली तरी पुरेसे आहे. दुसऱ्या तबकडीसाठी जादा पैसे मोजावेत ते ध्वनिमिश्रणाच्या कामात रस असणाऱ्यांनी, आणि त्यांनीही आधी मूळ गाणे ऐकून लगेच सनसेट साउंडचे रूप लावावे.